मोखाडा, एक सीट

१

माणूस खोटं बोलतो, पण त्याची गाडी खरं सांगून टाकते. हे तुळशीशेठचं लाडकं वाक्य, आणि दुकानात आलेल्याला चहाच्या कपाबरोबर ते ऐकावं लागायचं. जव्हारच्या बाजारात त्यांचं स्पेअर पार्ट आणि बॅटरीचं दुकान. शाळा नववीपर्यंत. पुढचं सगळं मोबाईलवरचे व्हिडिओ बघून आणि नाशिकच्या गॅरेजवाल्यांच्या पाठीमागे उभं राहून शिकलेलं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी स्कॅनर घेतला. पाटीएवढा पडदा आणि काडेपेटीएवढी एक डबी. डबी स्टिअरिंगखाली खोचली की गाडीच्या पोटातलं सगळं पडद्यावर.

भुताखेतांची गोष्ट निघाली की शेठ हॉर्नचा किस्सा सांगत. एका सरपंचांची जीप दिवेलागणीला आपोआप हॉर्न द्यायची. गावानं तिच्यापुढं सात नारळ फोडले. तुळशीशेठ गेले, उंदरानं कुरतडलेली वायर काढून सरपंचांच्या हातात ठेवली आणि सातही नारळांचं खोबरं बांधून घरी घेऊन आले. "चटणी आठ दिवस पुरली," असं म्हणून ते स्वतःच आधी हसत.

अशा माणसाकडे माघातल्या एका गार सकाळी सुदर्शन आला.

सुदर्शन साखरशेतचा. अठरा वर्षं जव्हार-मोखाडा शेअर जीप चालवली, मग गुडघे बोलायला लागले तेव्हा जीप विकली. बायको पुष्पलताबाई शिक्षिका. त्यांच्या पगारावर ठाण्याच्या एका नातेवाइकाची जुनी हायब्रिड कार घेतलेली. पेट्रोलचं इंजिन पुढं आणि मोठी बॅटरी मागच्या सीटखाली. हळू चालली तर बॅटरीवरच चालते आणि जराही आवाज करत नाही. दुकानासमोर ती येऊन थांबली तेव्हासुद्धा शेठना कळलं नाही.

"शेठ, हिचा मागचा पंखा बोंबलतो. आनि लाल तिरकोन पेटतो."

"कधी?"

"घराकडं वळलो की. बाजारात फिरवा, डेपोपर्यंत न्या, काय नाय. साखरशेतच्या रस्त्याला लागलो की पेटलाच."

"मग घरी जाऊ नकोस. राहा आमच्याकडे, भाकरीला कमी नाही."

एरवी सुदर्शन अशा बोलण्यावर टाळी द्यायचा. आज त्याने नुसतं गाडीकडं बघितलं.

"उद्या पोरीला, रविनाला, नाशिकला न्यायचीय. नववा संपत आला, बाळ आडवं हाय. कळा लागायच्या आत टेबलावर पायजे असं डॉक्टरीणबाई बोलल्या. जीपचे धक्के नकोत. ही गाडी पान्यातल्या होडीसारखी जाते, पन वाटेत घाटात बंद पडली तं?"

"दुसरी बघितलीस?"

"दोन बघितल्या. दोन्ही लग्नाला गेल्या."

तुळशीशेठनी बाह्या वर केल्या. "तू चहा पिऊन ये. ही काय म्हणते ते मी ऐकतो."

२

पडद्यावर चौदा आकडे उभे राहिले. बॅटरीचे चौदा कप्पे, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे सगळे एका उंचीचे. एकही ढिला नाही. शेठना जरा वाईटच वाटलं. दोष पटकन सापडला की माणसाला बरं वाटतं.

मग त्यांनी जुन्या नोंदी उघडल्या. बिघाड झाला त्या क्षणी गाडीत काय काय चाललं होतं, ते यंत्र टिपून ठेवतं. नऊ नोंदी होत्या. नऊही वेळा गाडी हळू होती, चाक वळलेलं होतं, आणि पंख्याच्या तोंडाशी हवा चाळीस अंशांवर उसळली होती.

हा पंखा बॅटरी गार ठेवायला असतो. मागच्या सीटच्या उजव्या अंगाला, ड्रायव्हरच्या पाठीमागं, एक जाळी असते. पंखा तिथून गाडीतली हवा ओढतो आणि बॅटरीवर सोडतो. जाळीच्या तोंडात हवा किती गरम आहे ते मोजणारा सेन्सर. हवा गरम आली तर पंखा जोरात फिरतो, फारच गरम आली तर दिवा पेटतो. सरळ व्यवहार.

बाहेर सतरा अंश होते. पुढच्या सीटपाशी अठरा. जाळीपाशी तेहतीस.

ऊन? गाडी पत्र्याच्या सावलीत. हीटर बंद. बॅटरी स्वतःच वीसच्या खाली. म्हणजे सेन्सर गेला, शेठ मनाशी म्हणाले, आणि त्यांना हायसं वाटलं. सेन्सर कपाटात होता.

पण आकडा हलत होता. तेहतीस, चौतीस, तेहतीस, एकतीस. पुन्हा तेहतीस. त्यांनी बोटानं दाबून आकड्याची रेघ करून घेतली. पडद्यावर टेकड्या उमटू लागल्या, एकामागून एक, सारख्या. बिघडलेला सेन्सर एक तर मरतो नाही तर वेडा होतो, हे त्यांनी शंभर गाड्यांत पाहिलं होतं. हा शहाण्यासारखा चढत होता आणि उतरत होता.

पंखा हवा ओढतो म्हणून असेल. त्यांनी पडद्यावरून पंखा बंद केला. घरघर थांबली आणि गाडीत इतकं शांत झालं, की समोरच्या हॉटेलात कढईत पडणाऱ्या भज्यांचा आवाज ऐकू आला.

टेकड्या येतच राहिल्या.

बराच वेळ बघितल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपली छाती त्या रेघेबरोबर वरखाली होते आहे. त्यांनी श्वास धरला. रेघेनं धरला नाही.

३

जाळी काढून बघणं भाग होतं. उजवं दार भिंतीला लागलेलं, म्हणून तुळशीशेठ डाव्या दारानं आत शिरले, गुडघ्यांवर पुढं सरकले आणि तोल सावरायला उजवा हात पलीकडच्या सीटवर टेकला.

सीट गरम होती.

एसटीत कुणी उठून गेल्यावर जागा असते तशी. सुदर्शन एकटा आला होता आणि पुढं बसला होता. शेठनी हात उचलला, स्वतःच्या गालाला लावला, मग डाव्या सीटवर ठेवला. ती गार होती. कापडाचा दोष असेल. खालची बॅटरी एका बाजूनं तापत असेल. असेल, असेल, असं म्हणत त्यांनी पेचकसानं जाळी सोडवली.

जाळीमागं केर अडवणारा स्पंजचा तुकडा असतो. त्यात धूळ हवी होती, केस हवे होते. उंदराचं घरटं असतं तर शेठनी त्याला पेढा भरवला असता. स्पंज स्वच्छ होता, आणि ओलसर.

दांडीवरचा छोटा आरसा त्यांच्या खिशात असायचा, वाकून न दिसणाऱ्या जागा बघायला. तो त्यांनी जाळीच्या तोंडापाशी धरला. आरसा धुरकट झाला. पुसला, पुन्हा धरला, आणि या खेपेला काच उलटी, बॅटरीकडे फिरवली. ती बाजू स्वच्छ राहिली. सीटकडची धुरकटली. वाफ बॅटरीकडून येत नव्हती, सीटकडून येत होती, आणि तुळशीशेठ तोंड मिटून, नाक दाबून बसले होते.

आता स्पंज आणि जाळी परत बसवायची होती. आणि दुकानदाराची जीभ, गिऱ्हाइकाच्या अंगावरून हात नेऊन माल काढायचा तर जे म्हणायची तिला चाळीस वर्षांची सवय, तेच ती म्हणून गेली.

"जरा येऊ द्या हं."

पडदा पुढच्या सीटवर टेकवून ठेवलेला होता. रेघ टेकडीच्या माथ्यावर गेली आणि तिथंच थांबली. उतरली नाही. त्यांचा हात जाळीपाशी होता तेवढा वेळ ती माथ्यावर सपाट राहिली. त्यांनी हात काढून घेतला, आणि रेघ सावकाश खाली आली.

अडचण होऊ नये म्हणून कुणी अंग आणि श्वास चोरून घ्यावा, आणि मग सोडावा, तशी.

४

सुदर्शन परत आला तेव्हा शेठ दुकानाच्या पायरीवर बसले होते.

"सेन्सर गेला का, शेठ?"

"सेन्सर चांगला आहे. मागं कोण बसलं होतं, सुदर्शन?"

सुदर्शननं तंबाखूची पुडी काढली, उघडली नाही, परत खिशात ठेवली. "तुमी हसाल."

"आज नाही हसणार."

"गाडी घेतली त्याच आठवड्यात. दुपारची वेळ. पुष्पलताला शाळेत सोडून घरी निघालो. गावाबाहेर तो पत्र्याचा थांबा हाय ना, तिथं गाडी आपसूक हळू झाली. पायच तसा पडला. अठरा वर्सं तिथं जीप थांबवली, शेठ. काच खाली आनि तोंडातून निघालं, 'मोखाडा, एक सीट! एक सीट!' थांब्यावर कुनी नाय. कुत्रंसुदा नाय. माझं मलाच हसू आलं."

"मग?"

"मागचं दार उघडलं आनि लागलं."

समोरून एक टेम्पो गेला.

"तू बघितलंस?"

"आरशात बघितलं. सीट रिकामी. वाऱ्यानं झालं असेल बोललो. पन गाडी जराशी बसली. जीपवाल्याला कळतं, शेठ. मागं माणूस बसला की बुडाला कळतं."

"आणि तू घरी वळलास."

"मला तं घरीच जायचं होतं! त्या वळनावर पहिल्यांदा पंखा बोंबलला."

जीपवाल्यांच्या बोलीत सीट म्हणजे माणूस. 'दोन सीट टाकल्या', 'तीन सीट कमी आहेत', असंच ते बोलतात. आणि त्यांच्यात एक गोष्ट पक्की असते: जिथलं नाव घेऊन सीट बसवली, तिथं ती पोचवायची. गाडी बिघडली तर दुसऱ्या जीपमध्ये बसवून द्यायची. सुदर्शननं मोखाड्याचं नाव घेतलं होतं आणि त्या दिवसापासून गाडी मोखाड्याला गेलीच नव्हती.

हे सगळं खुळचटपणाचं आहे, हे तुळशीशेठना ठाऊक होतं. पण तळहाताला अजून त्या सीटची ऊब लागत होती.

"नाशिकची वाट मोखाड्यावरूनच जाते," ते म्हणाले. "उद्या स्टँडवर थांबव. दार उघड. उतरा म्हण. त्यात आपलं काय जातं? मी येतो बरोबर. दिवा पेटला तर चालत्या गाडीत पुसून टाकीन."

"रविनाला सांगायचं नाय."

"वेडा आहेस का!"

५

सकाळी आठला गाडी दुकानासमोर आली. पुष्पलताबाई पहाटेच्या एसटीनं पुढं गेल्या होत्या, हॉस्पिटलात नंबर लावायला. जावई बोईसरच्या कंपनीतून परस्पर नाशिकला पोचणार होता. मागच्या सीटवर रविना एकटी होती, डाव्या दाराला चिकटून, उशी मांडीवर घेऊन.

"या काका. बाबांना ड्रायव्हिंग शिकवायला आलात?"

"तुझ्या बाबाला ब्रह्मदेवही शिकवू शकत नाही. मी बॅटरीची नाडी बघायला आलोय."

ती हसली आणि पोटावर हात ठेवला. "माझ्या इथली बघा. रात्रभर लाथा. झोपू देत नाही मेलं."

तुळशीशेठ पुढं बसले, पडदा मांडीवर घेतला. रेघ होती. तेहतीस, चौतीस, एकतीस. गाडी निघाली, गाव मागं पडलं. कापलेल्या भातशेतांवर धुकं बसलेलं होतं. ज्या वळणावर घराकडचा रस्ता फुटतो तिथं सुदर्शननं गाडी मोखाड्याच्या अंगाला ठेवली. दिवा पेटला नाही. पंखा गप्प. रेघ मात्र लांबट झाली, टेकड्या रुंद आणि सखल झाल्या. आपली वाट बरोबर आहे हे कळल्यावर प्रवासी मान मागं टेकतो, तशा.

"आडवी हो ना गं जरा," सुदर्शन आरशात बघून म्हणाला. "डाव्या कुशीवर पड, बाई बोलल्यात ना?"

"कुठं होऊ? जागा कुठंय?"

ती बोलून गेली आणि मग स्वतःच शेजारच्या सीटकडं बघू लागली. तिथं काही नव्हतं. पिशवीसुद्धा डिकीत होती. तिच्या कपाळाला आठी पडली, पण ती सरकली नाही. ओढणीचं टोक मात्र तिनं आपल्याकडं ओढून घेतलं, कुणाच्या तरी खाली अडकू नये म्हणून घेतात तसं.

तुळशीशेठ समोरचा रस्ता बघू लागले.

६

मोखाड्याला बाजाराचा दिवस होता. जीप स्टँडवर नागलीची पोती, कोंबड्यांच्या पाट्या, माणसंच माणसं. सूर्य चांगला वर आलेला. अशा उजेडात आणि गोंगाटात शेठना आपली लाज वाटू लागली. पोरगी टेबलावर पोचायची आहे आणि दोन म्हातारे रिकाम्या सीटला उतरवायला थांबतात!

"काय झालं, बाबा?"

"हवा बघतो चाकातली."

सुदर्शन उतरला. तेवढ्यात पाटी डोक्यावर घेतलेली गोजाबाई पुढं आली. जुनी गिऱ्हाईक, जीपच्या दिवसांपासूनची.

"सुदर्शन, नवी गाडी रं? नाशकाला जातो? मला त्र्यंबकला सोड."

"आज नाय गोजाबाय, पोरीला दवाखान्यात नेतो."

"मंग एकीला काय जड होते?" तिनं काचेतून आत वाकून पाहिलं, आणि पाटी सावरत मागं झाली. "ऱ्हाऊ दे. मागं तं भरलीय."

पोटुशी बाई पसरून बसली की गाडी भरल्यासारखीच दिसते, शेठनी स्वतःला समजावलं.

सुदर्शननं उजवं मागचं दार उघडलं आणि ते धरून उभा राहिला. खाकरला. इथं, याच जागेवर, रोज चार खेपा, अठरा वर्षं त्याच्या जिभेनं जे म्हटलं होतं तेच तिनं म्हटलं.

"चला, मोखाडा! उतरा सगळे, उतरा!"

तुळशीशेठ पडद्याकडं बघत होते. तेहतीस. चौतीस. एकतीस.

"अजून आहे," ते हळूच म्हणाले.

"उतरा ना, बाबा," सुदर्शननं सीटला हात जोडले. "आलं मोखाडा. चुकी झाली माझी."

तेहतीस. चौतीस. रेघेला कसलीच घाई नव्हती.

"बाबा," रविना म्हणाली.

तिचा आवाज ऐकून दोघंही वळले. तिनं दोन्ही तळवे पोटावर पसरून धरले होते.

"हे थांबलं."

"काय थांबलं?"

"आत्ता लाथा मारत होतं. तुम्ही ओरडलात आणि..." ती तळवे इकडून तिकडं फिरवत होती, अंधारात चावी चाचपावी तसे. "एकदम रिकामं वाटतंय. बाबा, रिकामं वाटतंय."

"झोपलं असेल गं," तुळशीशेठ म्हणाले. "पोटातली पोरं झोपतात." तिनं मान हलवली. नाही.

सुदर्शनचा चेहरा राखेसारखा झाला. "शेठ," तो म्हणाला, "मी सगळे बोललो."

तो दारापासून मागं सरला आणि जमिनीकडं बघू लागला. मग माणसांच्या पायांमधून, पोत्यांच्या आडून, गुडघ्याएवढ्या उंचीवर, जत्रेत हात सुटलेलं पोर शोधतात तसा. मग त्यानं तोंडाभोवती हात धरले.

"नाशिक! एक सीट! नाशिक, एक सीट, एक सीट!"

माना वळल्या. पिशव्या घेऊन दोघं धावत आले. त्यानं त्यांना हातानं ढकललं. "तुमी नाय! तुमी नाय रे!" आणि पुन्हा, घसा फाटेस्तोवर, "नाशिक! एक सीट! बस ना रे, बस! एक सीट!"

गोजाबाई पाटी खाली ठेवून बघत राहिली. स्टँडवर कुणी हसलं नाही.

रविनानं खसकन श्वास आत घेतला.

"हललं!" ती रडायला आणि हसायला एकदमच लागली. "बाबा, हललं! केवढ्यांदा हललं!"

सुदर्शननं दार लावलं. दोन्ही हातांनी, जोर लावून, पुन्हा कुणाला उघडता येऊ नये असं लावलं. धावत पुढं येऊन बसला आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून हुंदके देऊ लागला.

तुळशीशेठनी पडद्याकडं पाहिलं. तीस. पंचवीस. वीस. अठरावर येऊन रेघ आडवी झाली, सुतासारखी सरळ. कालपासून ते हेच बघायची वाट पाहत होते.

सुदर्शन नाशिक ओरडू लागल्यापासून दार लागेपर्यंत ते उघड्या दाराकडेच बघत होते. हाक एका सीटची होती. हाकेवर पोटात कुणी तरी बसलं होतं, आणि त्याच क्षणी इथली जागा मोकळी झाली होती. दारातून मात्र कुणी उतरलं नव्हतं. गाडीची मागची बाजू जराही वर आली नव्हती.

"शेठ," सुदर्शननं डोळे पुसले. "उतरला ना तो?"

माणूस खोटं बोलतो. तुळशीशेठनी यंत्र सांगत होतं तेवढंच सांगितलं.

"सीट रिकामी आहे."

गाडी आवाज न करता निघाली. बाजार मागं राहिला. मागं उशी सरकवल्याचा आवाज झाला, चपला काढल्याचा, आणि पाय लांब केल्याचा.

"आडवी होते जरा, बाबा," रविना म्हणाली. "आता कसं ऐसपैस झालं."